रुग्णाला काही झालं नाही, तरी औषधातली चूक कळवायची का?

प्रश्न एका सिस्टरचा आहे. नोकरीला लागून अजून वर्षही झालेलं नाही. रात्रपाळीत त्यांनी एका रुग्णाला अम्लोडिपिनची, म्हणजे बीपी कमी करणारी, गोळी दिली, आणि ती गोळी डॉक्टरांनी त्याच दिवशी सकाळच्या राउंडला बंद केलेली होती. तासाभराने लक्षात आलं. बीपी घेतला, तो बरोबर निघाला. सोबतच्या सिनिअर म्हणाल्या, ‘काही झालं नाही ना? मग जाऊ दे, उगीच कागद कशाला वाढवतेस.’ त्या विचारतात की औषधातली चूक ओळखायची कशी, आणि रुग्णाला त्रास झाला नसेल तर ती कळवायची गरज आहे का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, कळवायचीच. मी बरीच वर्षं वॉर्डची इन्चार्ज होते, नंतर औषध सुरक्षा समितीवर काम केलं. समितीपुढे येणाऱ्या कागदांत सगळ्यात कामाचे ते, ज्यांच्या शेवटी ‘रुग्णाला इजा नाही’ असं लिहिलेलं असतं. रुग्ण दगावला किंवा आयसीयूत हलवावा लागला की जो तो धास्तावतो, जबाब जपून दिले जातात, आठवणीही बदलतात. इजा झालेली नसते तेव्हा माणसं घडलं तसं सांगतात. बंद झालेली गोळी ट्रेमध्ये राहिली कशी, हे आज तुमच्याकडून जेवढं स्पष्ट कळेल, तेवढं पुढे कोणाचं नुकसान झाल्यावर कळणार नाही.

शिवाय ‘काही झालं नाही’ हे तासाभरात ठरवता येत नाही. अम्लोडिपिनची रक्तातली पातळी सर्वांत वर जायला 6 ते 12 तास लागतात, आणि ती निम्म्यावर यायला 30 ते 50 तास. तुम्ही बीपी घेतला तेव्हा औषध अजून चढतच होतं. खरा धोका पहाटेचा होता, रुग्ण बाथरूमला जायला उठला असता तेव्हा. आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली ती कशासाठी? पाय सुजले म्हणून, की बीपी उतरत चालला होता म्हणून? दुसरं कारण असेल तर त्या रुग्णाला पुढचा दिवसभर लक्षात ठेवून तपासायला हवं होतं. डॉक्टरांना गोळीबद्दल माहीतच नसेल तर सकाळी उतरलेला बीपी पाहून ते रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग शोधत बसतील, रुग्णाला नको त्या तपासण्या आणि नको ते सलाईन मिळेल. कळवण्याचं पहिलं कारण हेच आहे. समिती, फॉर्म, आकडेवारी हे सगळं त्यानंतर.

आता ओळखण्याकडे येते. औषध लिहिणं, उतरवून घेणं, फार्मसीतून येणं आणि रुग्णाला देणं या साखळीत शेवटी आपण उभ्या असतो. बॉस्टनच्या दोन मोठ्या रुग्णालयांतला एक अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात ऑर्डर लिहितानाच्या गंभीर चुकांपैकी 48 टक्के चुका पुढे कोणीतरी पकडल्या होत्या. रुग्णाला औषध देतानाच्या चुकांपैकी एकही पकडली गेली नव्हती. डॉक्टरांची चूक अडवायला फार्मासिस्ट असतो, आपण असतो. आपल्या हातून निसटलं की पुढे फक्त रुग्ण. त्यामुळे आपली चूक आपल्यालाच शोधावी लागते, ती आपणहून समोर येत नाही.

चूक म्हटलं की चुकीचा रुग्ण, चुकीचं औषध एवढंच डोळ्यांपुढे येतं. वॉर्डात फार मोठा वाटा असतो न दिलेल्या औषधांचा. रुग्ण एक्स-रेला गेला होता, औषध स्टॉकमध्ये नव्हतं, उपाशी ठेवलं होतं म्हणून थांबवलं आणि राहून गेलं. चार्टवरची रिकामी चौकट पाहून ‘दिलं असेल, सही राहिली असेल’ असं म्हणून पुढे जाऊ नका. ती चौकट म्हणजे एक तर चुकलेला डोस, नाही तर दोनदा दिला जाण्याची तयारी. उशिराच्या बाबतीत मात्र तारतम्य हवं. जीवनसत्त्वाची गोळी दोन तास मागेपुढे झाली तर मला त्याची काळजी वाटत नाही. सेप्सिसच्या, म्हणजे गंभीर जंतुसंसर्गाच्या, रुग्णाचा अँटिबायोटिकचा पहिला डोस, पार्किन्सनच्या रुग्णाची लेव्होडोपा, फिट्सचं औषध, जेवणाआधीचं इन्सुलिन, रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं इंजेक्शन, यांचा उशीर ही चूकच आहे आणि ती तशीच लिहायची.

सर्वांत घातक चुका आकड्यांत लपतात. ‘1.0’ लिहिलं आणि टिंब पुसट आलं की 10 वाचलं जातं. ‘.5’ चं 5 होतं. इन्सुलिनच्या पुढे युनिटसाठी नुसतं इंग्रजी ‘यू’ अक्षर लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं, आणि 10 युनिटचे 100 होतात. मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम झालं तर डोस हजारपट. शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलचं उदाहरण प्रत्येक नव्या सिस्टरला मी सांगते. त्याच्या 1 मिलीमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असतं. ऑर्डर असते 75 मिलिग्रॅमची, म्हणजे साडेसात मिलीची, आणि पंपावर लागतात 75 मिली. दहापट डोस. प्रौढाची बाटलीच 100 मिलीची असल्यामुळे 75 हा आकडा हाताला खटकत नाही. लहान मुलांत अशा दहापट चुका वेगवेगळ्या देशांत झालेल्या आहेत. त्यामुळे माझा आग्रह असतो की मुलांच्या वॉर्डात डोस मिलिग्रॅममध्ये आणि मिलीमध्ये असा दोन्हींत मोठ्याने म्हणायचा, आणि वजन किलोमध्ये आजच्या तारखेचं हवं. मेथोट्रेक्सेटचंही तसंच. संधिवाताच्या रुग्णाला ते आठवड्यातून एकदा असतं. चार्टवर रोजच्या गोळ्यांच्या रांगेत ते दिसलं तर थांबा आणि विचारा. रोज दिलेल्या मेथोट्रेक्सेटने माणसं दगावलेली आहेत.

नावं आणि रूपं सारखी असणं हा दुसरा सापळा. डोपामिन आणि डोब्युटामिन, व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन. आमच्याकडे एकदा एका सिस्टरने अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला डिस्टिल्ड वॉटरची अँप्युल घेतली, फोडण्याआधी लेबल वाचलं तर ती पोटॅशियम क्लोराइडची होती. दोन्ही पारदर्शक प्लास्टिकच्या, एकाच मापाच्या, एकाच खणात ठेवलेल्या. रुग्णापर्यंत काहीच पोहोचलं नव्हतं. तिने अँप्युल परत ठेवून काम पुढे नेलं असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता. तिने फॉर्म भरला. आम्ही इतर वॉर्डांत विचारलं तेव्हा बऱ्याच जणींना हाच अनुभव येऊन गेलेला होता, सांगितलं एकीनेही नव्हतं. तीव्र पोटॅशियम शिरेत घाईने गेलं तर हृदय थांबतं. ते साध्या वॉर्डांत ठेवूच नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही केलेली आहे. आमच्या वॉर्डांतून ते हललं ते त्या एका फॉर्ममुळे.

चार्ट आणि अँप्युल यांच्यापलीकडे रुग्ण स्वतः सांगत असतो. जो रुग्ण अर्ध्या तासापूर्वी बोलत होता तो आता हाक मारल्यावर डोळे अर्धे उघडतोय आणि श्वास मिनिटाला 8 वर आलाय, तर ‘रात्रभर झोपला नव्हता, झोपू दे’ म्हणू नका. शेवटचं ओपिऑइड (मॉर्फिनसारखं वेदनाशामक) कधी, किती आणि कोणत्या मार्गाने दिलं ते बघा. दरदरून घाम, थरथर, विचित्र वागणं दिसलं तर आधी ग्लुकोज तपासा. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त, अचानक मंदावलेली नाडी, सलाईनच्या जागी सूज आणि जळजळ, पंपाची पिशवी वेळेच्या खूप आधी रिकामी होणं किंवा शिफ्ट संपली तरी भरलेलीच असणं, या सगळ्यांतून मागच्या डोसची चौकशी सुरू व्हायला हवी. उतारा देण्याची वेळ येणं हीसुद्धा खूणच आहे. वॉर्डात नॅलोक्सोन (ओपिऑइडवरचा उतारा), प्रोटामिन (रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनवरचा), व्हिटॅमिन के किंवा 25 टक्के डेक्स्ट्रोज वापरलं गेलं की मी इन्चार्ज म्हणून मागे जाऊन चार्ट वाचत असे. दर वेळी चूक निघत नाही, पण निघते तेव्हा ती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने सापडली नसती. ट्रेमध्ये उरलेली एक जास्तीची गोळी किंवा मोजणीत कमी पडलेली अँप्युल याच जातीची. आणि रुग्ण किंवा नातेवाईक म्हणाले की ‘ही गोळी माझी नाही, माझी पांढरी असते’, तर गोळी हातातच ठेवून चार्टकडे परत जा. कंपनी बदलली असेलही. बघितल्याशिवाय समजूत घालू नका.

औषध देताना मध्येच कोणी बोलावणं याला आपण कामाचा भाग समजतो. सिडनीच्या दोन रुग्णालयांत केलेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक वेळा औषध देताना व्यत्यय आला होता, आणि प्रत्येक व्यत्ययागणिक चुका सुमारे 12 टक्क्यांनी वाढत होत्या. म्हणून फॉर्ममध्ये ‘औषध काढताना दोनदा फोनवर जावं लागलं’ हे जरूर लिहा. ती सबब नव्हे, ती माहिती आहे. दुहेरी तपासणीबद्दलही एक गोष्ट स्पष्ट बोलते. भरलेली सिरिंज पुढे करून ‘बघ गं, साडेसात मिली, बरोबर ना?’ असं विचारणं म्हणजे तपासणी नाही. उत्तर आधीच सांगितलंय, दुसरी मान हलवणारच. दुसऱ्या सिस्टरने ऑर्डर स्वतः वाचायची, हिशेब स्वतंत्र करायचा आणि मग दोन उत्तरं जुळवायची. प्रत्येक औषधाला हे जमत नाही आणि तसा हट्टही नको. इन्सुलिन, हेपारिन, ओपिऑइडचे पंप, केमोथेरपी, मुलांचे शिरेतले डोस, इथे मात्र त्याला पर्याय नाही.

चूक लक्षात आली की पहिला कागद नाही, पहिला रुग्ण. औषध चालू असेल तर थांबवा, पण सुई काढू नका, ती उताऱ्यासाठी लागेल. नळीत उरलेलं चुकीचं औषध फ्लश करून आत ढकलू नका, नळी बदला. श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुद्ध, गरज असेल तर ग्लुकोज बघा आणि मदतीला हाक मारा. डॉक्टरांना ‘सर, जरा गडबड झालीय’ असं सांगू नका. औषधाचं नाव, किती गेलं, कोणत्या मार्गाने, किती वाजता, रुग्णाचं वजन, आत्ताच्या नोंदी, हे एका दमात सांगा. किती वेळ लक्ष ठेवायचं हे औषधावर ठरतं, रुग्ण ‘बरा दिसतोय’ यावर नाही. नॅलोक्सोनचा परिणाम साधारण 30 ते 90 मिनिटांत ओसरतो, मॉर्फिनचा त्याहून जास्त टिकतो. जागा झालेला रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन जास्त गेलं असेल तर पुढचे 24 तास तरी ग्लुकोज बघत राहावं लागतं. सिरिंज, व्हायल, पिशवी टाकून देऊ नका, नाव-वेळ लिहून बाजूला ठेवा. आणि रुग्णाला सांगायचं. कोणी आणि कसं सांगायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण सांगायचंच. त्याच्या शरीरात काय गेलं हे जाणून घेण्याचा हक्क त्याचा आहे.

नोंदी दोन वेगळ्या होतात. रुग्णाच्या कागदपत्रांत काय दिलं गेलं, कधी, त्यानंतर रुग्ण कसा होता, कोणाला कळवलं, काय उपचार झाले एवढं येतं. इन्सिडंट फॉर्ममध्ये ते सगळं आणि शिवाय ते का घडू शकलं, हे येतं. चार्टवर खाडाखोड करायची नाही. चुकीच्या नोंदीवर एक सरळ रेघ, शेजारी तारीख, वेळ, सही. उशिरा लिहीत असाल तर घडल्याची तारीख आणि लिहिल्याची तारीख वेगवेगळी लिहा, मागची तारीख टाकू नका. तुमच्या अम्लोडिपिनसाठी अजूनही वेळ गेलेली नाही. इन्चार्ज सिस्टर आणि त्या रुग्णाचे डॉक्टर यांना तोंडी सांगा आणि त्याच दिवशी फॉर्म भरा.

‘सिस्टरच्या निष्काळजीपणामुळे रुग्णाला बंद केलेली गोळी गेली’ असं लिहिलेला फॉर्म मला काहीच सांगत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘अम्लोडिपिन 5 मिग्रॅ. सकाळी राउंडला बंद केल्याची नोंद डॉक्टरांच्या नोट्समध्ये आहे. औषध चार्टवर रेघ मारलेली नव्हती. गोळी रुग्णाच्या ट्रेमध्ये होती. हँडओव्हरमध्ये बदल सांगितला गेला नाही. रात्री 9:00 वा. गोळी दिली, 10:00 वा. नोट्स वाचताना लक्षात आलं. बीपी 124/78.’ आता समितीला दिसतं की राउंडमधला बदल चार्टवर उतरवायचं काम नेमकं कोणाचं, हेच त्या वॉर्डात ठरलेलं नाही. ते ठरवता येतं. निष्काळजीपणा ‘ठरवता’ येत नाही. फॉर्मवर तर्क, आरोप, दुसऱ्याच्या मनातलं काही नको. जे पाहिलं, जे केलं, जे वाचलं तेवढंच.

चुकीची तीव्रता लिहिताना अनेक रुग्णालयं अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय समन्वय परिषदेने केलेली नऊ पायऱ्यांची श्रेणी वापरतात. पहिली पायरी म्हणजे चूक घडू शकेल अशी परिस्थिती, एका खणातल्या त्या दोन अँप्युलसारखी. दुसरी, चूक झाली पण रुग्णापर्यंत पोहोचली नाही. तिसरी, पोहोचली पण इजा नाही. चौथी, इजा नाही याची खात्री करायला लक्ष ठेवावं लागलं. तिथून पुढे तात्पुरती इजा, लांबलेलं वास्तव्य, कायमची इजा, जीव वाचवण्याची धडपड आणि मृत्यू. पहिल्या चार पायऱ्यांत कोणालाही इजा झालेली नसते, आणि तरीही त्या श्रेणीत आहेत. तुमची घटना मी चौथ्या पायरीवर धरेन.

आता भीतीबद्दल. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 2017 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधल्या एका रुग्णालयात गुंगी आणणाऱ्या मिडाझोलामऐवजी (ब्रँडनाव व्हर्सेड) स्नायू लुळे पाडणारं व्हेक्युरोनियम दिलं गेलं आणि रुग्ण दगावली. औषधांच्या स्वयंचलित कपाटात त्या ब्रँडनावाची पहिली दोन अक्षरं टाकून, सुरक्षा अडथळा ओलांडून औषध काढलं गेलं होतं. मिडाझोलाम तयार द्रवरूपात येतं, व्हेक्युरोनियमची पावडर विरघळवावी लागते, आणि झाकणावर स्नायू लुळे पाडणारं औषध असल्याची सूचना होती. त्या नर्सने चूक लगेच कबूल केली. 2022 मध्ये तिला फौजदारी खटल्यात दोषी ठरवून तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. रुग्णालयाने मात्र नियामक यंत्रणेला कळवलंच नव्हतं. प्रकरण निनावी तक्रारीनंतर उघड झालं. या निकालानंतर जगभरच्या परिचारिका हादरल्या, मीही अस्वस्थ होते. माझं मत असं की त्या प्रकरणात शिक्षेने एकही रुग्ण सुरक्षित झाला नाही. कपाटात दोनऐवजी किमान पाच अक्षरं टाकावी लागणं, लुळं पाडणारी औषधं वेगळ्या बंद डब्यात ठेवणं, असे उपाय सुरक्षित करतात, आणि घटना उजेडात आली तरच असे उपाय होतात.

हातून निसटलेली चूक, सगळेच घेतात म्हणून घेतलेला शॉर्टकट आणि धोका माहीत असून केलेलं दुर्लक्ष, या तिन्हींना एकच शिक्षा देणारं रुग्णालय स्वतःचे डोळे बांधून घेतं. पहिलीला आधार लागतो, दुसऱ्याला समज आणि सोपी पद्धत, तिसऱ्यालाच कारवाई. तुमच्या रुग्णालयात हा फरक होत नसेल तर कळवायला धीर लागतो हे मला मान्य आहे. तरी एक गोष्ट मी चौकश्यांमध्ये पुन्हा पुन्हा पाहिली: लगेच सांगितलेल्या चुकीकडे चूक म्हणून पाहिलं गेलं, आणि लपवलेली किंवा चार्टवर फिरवलेली सापडली तेव्हा तिचं गैरवर्तन झालं. सिनिअर अडवत असतील तर थेट इन्चार्जशी बोला, तिथेही अडलं तर फार्मासिस्टकडे किंवा मॅट्रनकडे जा. निनावी फॉर्मची सोय असेल तर ती वापरण्यात कमीपणा नाही.

जे इन्चार्ज हे वाचत असतील त्यांच्यासाठी थोडं. वॉर्डात महिनोन्महिने एकही फॉर्म येत नसेल तर खूश होऊ नका. तिथे चुका होत नाहीत असं नाही, तिथे कोणी सांगत नाही. फॉर्म वाढले म्हणून कोणाला जाब विचारू नका. आलेल्या प्रत्येक फॉर्मचं काय झालं ते लिहिणारीला सांगा, नाही तर ती दुसऱ्यांदा लिहिणार नाही. आणि गंभीर चूक झाली त्या शिफ्टमध्ये त्या सिस्टरला पुन्हा औषधांच्या ट्रॉलीवर एकटीला पाठवू नका. हात थरथरत असताना ती पुढची चूक करेल. तिचे रुग्ण दुसरीकडे द्या, तिला बसवा, फॉर्म भरताना शेजारी बसा, आणि दुसऱ्या दिवशी आपणहून फोन करा.